तलावाला अख्खा दिवस द्या

सातारा किंवा सांगलीहून एका दिवसाच्या सहलीला निघायचे म्हटले की गाडीचे तोंड आपसूक पश्चिमेकडे वळते. कास, ठोसेघर आणि सज्जनगड एका दिवसात उरकायचे, नाहीतर वाई, पाचगणी, महाबळेश्वर. सकाळी सातला निघालेली मंडळी रात्री दहाला घरी पोहोचतात. हिशेब मांडला तर त्यातला निम्मा वेळ गाडीत, पार्किंग शोधण्यात आणि हॉटेलात टेबल रिकामे होण्याची वाट पाहण्यात गेलेला असतो. याच दोन जिल्ह्यांच्या पूर्वेला, खटाव, माण, आटपाडी, खानापूर, कडेगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत, जुने-नवे कितीतरी तलाव आहेत. तिथे तिकिटाची रांग नाही, बोटीचा धंदा नाही, ‘पॉइंट’ नाहीत. म्हणूनच तिथे गेलेले बरेच जण तासाभरात गाडीत बसतात आणि पाहण्यासारखे काही नव्हते असे सांगत परततात. माझ्या मते तलावाला दिलेला वेळच मुळात चुकलेला असतो. अशा तलावाला उजाडण्यापूर्वीपासून दुपार कलेपर्यंत अख्खा दिवस द्यावा, शक्यतो एकाच काठावर बसून द्यावा, आणि त्या दिवसात दुसरे काहीही कोंबू नये. शांतता हवी असेल तर एवढी किंमत मोजावीच लागते. ती का, हे त्या तलावांची घडण समजून घेतली की लक्षात येते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण-खटावात तो पाचशेच्या आसपास येतो. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि पलीकडच्या पठाराच्या वाट्याला वारा उरतो. इथले तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. पाण्याच्या भीतीतून माणसांनी ते बांधले. मायणी आणि नेर हे ब्रिटिश अमदानीतले. म्हसवडजवळचा राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळात लोकांना काम द्यावे म्हणून हाती घेतला गेला. त्याचे पाणी सातारा आणि सांगलीच्या सीमेवर पसरलेले आहे आणि कालवा जातो सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याकडे. येरळवाडीचा तलाव त्यानंतरचा, खटावातच मोळ-मांजरवाडीकडे उगम पावून ब्राह्मणाळला कृष्णेला मिळणाऱ्या येरळा नदीवरचा. हे सगळे तलाव माळरानावरचे. घाटातल्या धरणासारखी उभी दरी त्यांच्या पोटात नाही. परातीसारखे उथळ आणि पसरट असल्याने पाणी फूटभर उतरले तरी काठ कितीतरी पावले मागे सरकतो आणि ओला, काळा, मऊ गाळ उघडा पडतो. परतीच्या पावसाने भाद्रपद-आश्विनात भरलेला तलाव पुढे वैशाखापर्यंत असा रोज थोडा थोडा आटत जातो. पाहायला जायचे ते या आटण्याकडे. पर्यटकाच्या डोळ्याला भरलेला तलाव सुंदर दिसतो, पण जीवसृष्टीच्या दृष्टीने पाणी आणि जमीन यांच्यामधला तो चिखलाचा पट्टाच श्रीमंत असतो.

त्याचे कारण साधे आहे. गाळात कृमी, अळ्या, शंख-शिंपले, पाणवनस्पतींची मुळे आणि बिया असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला बहुतेक पाणपक्ष्यांना उथळ पाणी लागते. शेकाट्याचे पाय लांब असले तरी वीतभर पाण्यापलीकडे त्याचे फारसे चालत नाही. तुतवार तर ओल्या काठावरच टिपत फिरतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, गुडघाभर पाण्यात उभा राहून चरतो. मायणीचे नाव ज्या रोहितांमुळे झाले, ते पुढे तिथे कमी दिसू लागले आणि येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा आसपासच्या तलावांवर उतरू लागले. पक्षी नावाला जागत नाहीत, त्या हंगामात चारा कुठे हाताशी आहे ते पाहतात. सरकारनेही 2021 मध्ये मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देताना एकट्या मायणीचा विचार न करता या तलावांचा समूह धरला, आणि ते योग्यच झाले. सहलीला जाणाऱ्याने यातून घ्यायचा धडा असा की तलावाच्या कीर्तीवर जाऊ नये, पाण्याच्या पातळीवर जावे. आता उपसा सिंचनामुळे ही पातळी नुसत्या पावसावर ठरत नाही. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचे पाणी नेर तलावात येते, टेंभू योजनेचे पाणी आटपाडीच्या तलावापर्यंत पोहोचते. पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या गावांना हे पाणी मिळाले याचा आनंदच आहे. मात्र आवर्तन सुटून तलाव तुडुंब झाला की उथळ काठ बुडतात आणि चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे जातात. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी त्या गावातल्या कुणाला तरी, ओळखीचे नसेल तर ओळख काढून, एवढेच विचारावे: गाळ उघडा पडलाय का? हो म्हणाले तर जावे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हे उत्तर बहुधा अनुकूल मिळते. मार्चमध्ये ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात काठ बुडालेले आणि वाटा चिखलाच्या.

आता दिवसाचे पाहू. जानेवारीत या भागात सूर्य सातच्या थोडा पुढे उगवतो. तलावावर पावणेसातला पोहोचायला हवे, म्हणजे साताऱ्याहून किंवा सांगलीहून पाचच्या आधी निघायला हवे. एवढ्या लवकर कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पहाटे वारा पडलेला असतो. पाण्यावर सुरकुती नसते, धुक्याचा पातळ थर असतो आणि आवाज लांबवर ऐकू येतो. रात्रभर भुकेले राहिलेले पक्षी या वेळी सर्वांत जास्त चरतात. सूर्य पाठीशी राहील असे बसावे, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर. समोरून ऊन आले तर सगळे पक्षी काळेच दिसतात आणि नवख्याला ओळख पटत नाही. नऊ-साडेनऊच्या सुमारास पट्टकदंब येऊ लागतात. लडाख, तिबेट, मंगोलिया या भागांत घरटी करून हिमालय ओलांडून आलेले हे हंस रात्री आणि पहाटे शेतांत चरतात आणि दिवस तापू लागला की विश्रांतीला पाण्याकडे वळतात. आठ वाजताच उठून गेलेल्याला ते दिसत नाहीत. दहाच्या पुढे जमीन तापून हवा वर चढू लागते. तिच्या आधाराने घारी आणि रंगीत करकोचे पंख न हलवता गिरक्या घेत उंच जातात. भोवत्या हा शिकारी पक्षी काठावरच्या गवतावरून खालून फेरी मारतो, आणि तो आला की वारकरी पक्ष्यांचा सगळा थवा एकमेकांना चिकटून पाण्याच्या मध्याकडे सरकतो. बारा ते दोन तलाव जवळजवळ झोपतो. चक्रवाक वाळूच्या पट्टीवर मान पाठीत खुपसून बसतात. तीन-साडेतीनला पुन्हा हालचाल सुरू होते. म्हणजे एकाच काठावरून पाहिलेला तलाव दिवसभरात चार वेगवेगळी रूपे दाखवतो, आणि तासाभराच्या भेटीत त्यातले एकच हाती लागते. मग सहल वाया गेली असे वाटले तर नवल नाही.

एका जागी बसण्याबद्दल मी एवढा आग्रही आहे त्यालाही आधार आहे. माळरानावर आडोसा नसतो. भरावावर उभा राहिलेला माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो आणि चालू लागला की पक्ष्यांच्या लेखी तो शिकारी ठरतो. रोहिताला उडायचे तर पाण्यावरून बरेच अंतर धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. उगाच उठवला की त्याची ताकद जाते आणि चरायचा वेळही. दिवसातून चार टोळकी फोटोसाठी जवळ गेली तर थवा तो तलाव सोडतो. याउलट बाभळीच्या सावलीत, गवताच्या रंगाचे कपडे घालून बसून राहिलेल्या माणसाची सवय त्यांना तासाभरात होते. मग अंतर तुम्हाला तोडावे लागत नाही. चरता चरता ते स्वतःच जवळ येतात. दुर्बीण 8×42 सारखी असली तर उत्तम. दहापट मोठे दाखवणारी हातात थरथरते आणि नवख्याचे डोळे दुखतात. ड्रोन मुळीच नको. वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 चा, त्यात 2002 च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आली, आणि अशा क्षेत्रात वन खात्याच्या परवानगीशिवाय असले खेळ करू नयेत. कायद्याचे राहू द्या. घोंघावणारी वस्तू डोक्यावर आली की पक्ष्याला ती घार वाटते, एवढे कारण पुरेसे आहे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणेही त्यातलेच.

बसून राहिले की काय दिसते, याचे एकच उदाहरण देतो. रोहित चरताना मान खाली घालतो आणि चोच उलटी करतो, म्हणजे वरची बाजू खाली. जीभ पंपासारखी पुढे-मागे होते, पाणी आत ओढले जाते आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून बाहेर टाकले जाते. गाळून उरलेले शेवाळ आणि बारीक जीव पोटात जातात. हे नुसते ऐकले तर पाठ्यपुस्तकातली माहिती वाटते. पण दुर्बिणीतून पाच मिनिटे एकाच पक्ष्यावर नजर ठेवली तर आधी त्याचे पाय दिसू लागतात. तो एका जागी पाय आपटत स्वतःभोवती सावकाश फिरतो, तळाचा गाळ ढवळतो आणि मग त्या गढूळ पाण्यात चोच घालतो. पुढे काही आठवड्यांनी पाणी मागे गेले की याच जागी कधी कधी गाळात गोल कडी उमटलेली दिसतात, मधे उंचवटा आणि भोवती चर. थव्यात काही पक्षी करडे, मळकट पांढरे दिसतील. ते आजारी नाहीत, पिल्ले आहेत. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पुरता चढायला काही वर्षे जातात. एवढे पाहायला अर्धा तास लागतो आणि त्यासाठी एक पाऊलही चालावे लागत नाही.

यावर पहिली हरकत येते ती मुलांची. मोठी माणसे बसतील, पण दहा वर्षांचे पोर आठ तास बसेल का? बसणार नाही, आणि बसावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. पण मुलांच्या बाबतीत माझा अनुभवी पालकांशी एक मतभेद आहे. मुलांना करमत नाही म्हणून त्यांना भराभर ठिकाणे दाखवावीत असे मानले जाते. खरे तर हातात काम नसले की ती कंटाळतात, आणि तलावाकाठी कामाला तोटा नाही. ओल्या गाळात कुणाकुणाच्या पावलांचे ठसे आहेत ते शोधायचे: टिटवीची तीन बोटे, पाणकावळ्याचे पडदे असलेले पाऊल, मुंगसाच्या नख्या, मेंढीचे खूर. टिबुकली बुडी मारून किती अंकांपर्यंत पाण्याखाली राहते ते मोजायचे, आणि ती कुठे वर येईल यावर पैज लावायची. खंड्या किती सूर मारतो आणि त्यातले किती फुकट जातात याची वहीत नोंद ठेवायची. पहिला पाऊण तास अवघड जातो, कारण मोबाइलची सवय असते. तेवढा निभावला की पुढे त्यांना उठवावे लागते. मात्र पाच-सहा जणांपेक्षा मोठा गट नको. दोन-तीन कुटुंबे एकत्र आली की मुले मुलांत रमतात, मोठे गप्पांत, आणि तलाव नुसता मागचा पडदा होतो. गप्पा मारायला घराची गच्ची आहे.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: एवढे करून पक्षीच आले नाहीत तर? हे घडू शकते. अवकाळी पावसाने तलाव भरला, किंवा दुष्काळाने कोरडा पडला, तर रोहित त्या वर्षी फिरकतही नाहीत. म्हणून मी असे सुचवेन की रोहित पाहायला निघालोय असे म्हणूच नये. तलावावर माणसांचाही एक दिवस चालू असतो आणि तो कुठल्याही वर्षी चुकत नाही. पाणी मागे जाईल तसतशी उघड्या पडलेल्या सुपीक गाळात शेतकरी पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. वरच्या शिवारात शाळू वाळत चाललेला असताना खाली काठालगत हिरवेगार पट्टे दिसतात ते हेच. मच्छीमार पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी उचलतात. दुपारी धनगर मेंढरे पाण्यावर आणतात. शेकडो जितराबे एकदम पाण्याला तोंड लावतात, आणि कुत्री मात्र काठावर पहारा करीत थांबतात. भरावाच्या दगडी पिचिंगकडे, मोरीकडे, सांडव्याकडे नीट पाहिले तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हातांनी आणि पाट्यांनी हे केवढे काम उभे राहिले ते उमगते. राजेवाडीला तर ते दुष्काळातल्या उपाशी माणसांचे काम होते. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ याच आटपाडी तालुक्यातले. माणदेशाच्या उजाड माळावर माणूस, मेंढरू आणि पाखरू एकाच पाण्यावर कसे जगतात हे त्यांनी आयुष्यभर लिहिले. त्यांची ‘बनगरवाडी’ निघण्याआधी वाचून जावी, घरातल्या मोठ्या मुलांनीही. पक्षी नसले तरी दिवस रिकामा जात नाही. ज्याला फक्त गुलाबी थवा हवा आहे त्याने मात्र जाऊ नये, तो निराश होण्याचीच शक्यता जास्त.

धोक्यांबद्दल मात्र तडजोड नाही. उन्हाने गाळाच्या वरच्या थराला भेगा पडतात आणि तो टणक भासतो. खाली कमरेइतका चिखल असू शकतो. भेगाळलेल्या गाळावर पाण्याच्या दिशेने चालत जाऊ नये. गुरांच्या रुळलेल्या वाटेनेच काठापर्यंत जावे, कारण जनावरांना भक्कम जमीन कळते. पाण्यात उतरू नये, पोहता येत असले तरीही. 2017 पासून राबवलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत आणि त्याआधीही अनेक तलावांतला गाळ यंत्रांनी काढून शेतांत नेला गेला. शेताला त्याचा फायदा झाला. पण जिथे यंत्राने खोल उकरले तिथे घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट खड्ड्यात जाऊ शकते, आणि वरून काही दिसत नाही. पिचिंगच्या पाण्यालगतच्या दगडांवर शेवाळ असते, तिथे उभे राहून फोटो काढणे म्हणजे घसरण्याची तयारी. सांडव्यावर आणि मोरीवर मुलांना जाऊ देऊ नये. जानेवारीतही दुपारी बाराला माळावरचे ऊन चटके देते. रुंद काठाची टोपी, माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि बसायला जाड सतरंजी न्यावी. पहाटेसाठी स्वेटर लागेलच, कारण पठारावरची थंडी शहरातल्या थंडीहून बोचरी असते. बूट पायाच्या घोट्यापर्यंतचे असावेत. काठावर बाभळीचे काटे असतात आणि दगडांच्या फटींत साप.

तिसरी हरकत अशा लेखांवरच घेतली जाते, आणि ती मला सर्वांत जास्त पटते. शांत जागांबद्दल लिहिले की तिथे गर्दी होते आणि मग शांतता उरत नाही. कासचे उदाहरण समोर आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला, फुलांच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि शेवटी शुल्क, ऑनलाइन नोंदणी, रोजच्या संख्येवर मर्यादा आणि कुंपण इथवर गोष्ट गेली. मग गप्प बसावे का? मला तसे वाटत नाही. कुणाला ठाऊकच नसलेला तलाव सुरक्षित असतो हा भ्रम आहे. त्यात कचऱ्याच्या गोण्या पडतात, काठ खचतात, आणि विचारायला कुणी येत नाही. चार माणसे दिवसभर बसून नोंदी ठेवतात तेव्हा पाण्याचे आणि पक्ष्यांचे काय चालले आहे याची खबर लागते. फरक पडतो तो कोण येते आणि कसे वागते यावर. डीजे लावून जेवणावळी उठवणाऱ्या शंभर जणांनी जे नुकसान होते ते वही घेऊन बसलेल्या पाच जणांनी होत नाही. म्हणून फोटो टाकायचा तर आठवड्याने टाकावा आणि थवा नेमका कोणत्या काठाला होता ते लिहू नये. गावाच्या विकासासाठी बोटी आणि काचेची गॅलरी आणावी असे म्हणणाऱ्यांनाही एवढेच विचारायचे आहे की बोटीचा आनंद महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर, धोमला, बामणोलीला मिळतोच. तो मायणीला आणून जे फक्त मायणी-येरळवाडीला आहे ते का घालवायचे? उथळ पाण्यात बोट फिरली की पक्षी उठणार, यात वादाला जागा नाही.

राहिला सोयींचा प्रश्न, आणि त्याकडे कानाडोळा करून चालणार नाही. तलावाकाठी स्वच्छतागृह नसते किंवा असले तर वापरण्याजोगे असेलच असे नाही. पुरुषांना याचे काही वाटत नाही, पण घरातल्या बायका सहलीला नको म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते आणि ते बोलून दाखवले जात नाही. त्यावर उपाय तलावावर शोधण्यापेक्षा गावात शोधावा. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, वडूज या वाटेने मायणी गाठता येते, सांगलीहून तासगाव, विटा या वाटेने. वडूज आणि विटा ही तालुक्याची गावे, तिथे जाता-येता थांबता येते. तलावालगतच्या गावात मात्र आधी बोलून एखाद्या घरी दुपारच्या जेवणाची व्यवस्था करावी. पिठले, भाकरी, खर्डा, शेंगांची चटणी, आणि दिवस हुरड्याचे असतील तर सकाळीच हुरडा. त्या घरचे स्वच्छतागृह वापरू द्याल का, हे जेवण ठरवतानाच बाईमाणसाने बाईमाणसाला विचारावे. कुणी नाही म्हणत नाही. बारा ते दोन तलाव झोपलेला असतो तेव्हाच जेवायला जावे, म्हणजे काही चुकत नाही. गावाला या सहलीतून काही मिळायचे तर ते असे घराघरांतून मिळावे. डबा शहरातून आणून रिकामे कागद तेवढे तिथे टाकून येणे हा व्यवहार गावाच्या तोट्याचा आहे. जाण्याचा दिवस ठरवताना पंचांगही पाहावे. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो, त्या दिवसांत साताऱ्याकडून येणाऱ्या वाटेवर गाड्या हलत नाहीत. यात्रेला जायचे तर यात्रेलाच जावे. त्याच न्यायाने औंधचे वस्तुसंग्रहालय, गोंदवले, शिखर शिंगणापूर ही सगळी याच भागातली ठिकाणे वाटेत आहेत म्हणून त्याच दिवसात ओढू नयेत. औंधच्या संग्रहालयाला स्वतंत्र दिवस लागतो.

परत निघायची वेळ साडेचार-पाच ठेवावी. त्या सुमारास मेंढरे आणि बैलगाड्या भरावाच्या अरुंद रस्त्याने घराकडे वळतात, म्हणून गाडी सकाळीच रस्ता सोडून, गावाच्या तोंडाशी लावलेली बरी. निघण्यापूर्वी बसलेल्या जागेचा एक फेरा मारून आपला आणि आजूबाजूला दिसेल तो दुसऱ्यांचाही प्लास्टिकचा कचरा गोणीत भरावा आणि तो गावातल्या उकिरड्यावर न टाकता गाडीत घालून शहरात आणावा, कारण गावात तो उचलायला घंटागाडी येत असेलच असे नाही. नोंदींच्या वहीत तारीख, तलावाचे नाव, पाणी काठापासून किती मागे होते आणि कोणते पक्षी साधारण किती दिसले एवढे त्याच दिवशी लिहावे. पुढच्या वर्षी याच आठवड्यात याच काठावर जाल तेव्हा ती वही सोबत घ्या.